‘भाचा आहे म्हणून सांगा’ : नाही, तेवढ्याने भागत नाही

‘नव्या कामगार संहिता आल्या, बालकामगार कायदा गेला. घरच्या धंद्यात पोराला कितीही वेळ बसवा, दुसऱ्याचं असेल तर भाचा आहे म्हणून सांगा. चौदा पूर्ण झाली की सगळी कामं खुली. पकडलंच तर किरकोळ दंड.’ हा मेसेज काल आमच्या भावकीतल्या एका हॉटेलवाल्याने ‘सुटलो एकदाचे’ असं लिहून पुढे पाठवला. आता गप्प बसवत नाही.

कायदा गेलेला नाही. चार संहितांनी २९ कायदे पोटात घेतले, १९८६ चा बालकामगार कायदा त्यांत नाही. उलट २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी आहे. आधी ती ठरावीक कामांपुरतीच होती. 

आता भाच्याचं, कारण खरा घात इथेच आहे. अर्धी गोष्ट मान्य करावी लागते: घरच्या धंद्यात मुलाने मदत करायला कायद्यात सूट आहे, आणि त्यातल्या ‘कुटुंबा’त आईवडील, भावंडांबरोबर मामा, मावशी, काका, आत्याही धरलेत. ही फट ठेवायलाच नको होती. पण २०१७ च्या नियमांतला २-ब कुणी वाचत नाही. धंदा त्या कुटुंबाच्याच ताब्यात हवा. शाळेच्या वेळेत काम नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, दिवसाला विश्रांती सोडून तीन तासांहून जास्त नाही. शाळा पाचला सुटत असेल तर सातपर्यंत उरतात दोनच तास. हॉटेलातली गर्दी सुरू होते सातनंतर. मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करायलाही मनाई आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : उत्पादनापासून किरकोळ विक्रीपर्यंत ज्या कामातून मुलाला, कुटुंबाला किंवा धंद्याला पैसा मिळतो, ते काम ‘मदत’ धरलंच जात नाही.

विडीचं घर बघा. आई पानं कातरते, तंबाखू भरून वळते. शेजारी बसलेली नऊ वर्षांची मुलगी टोकं मुडपते, दोरा बांधते, पंचवीस-पंचवीसचे कट्टे लावते. मजुरी हजारावर, आणि ती आईच्या नावावर. मुलीच्या हाती रुपया पडत नाही म्हणून ही मदत होते का? हजार लवकर भरावेत म्हणूनच तिला बसवलेली असते. नियम नेमका हाच डाव ओळखून लिहिलाय.

चौदा ते अठरा : खाणी, ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थ, धोकादायक प्रक्रिया बंदच. ज्या कामांना परवानगी आहे तिथेही सलग तीन तासांनंतर तासाची सुट्टी, आणि ती धरून दिवसाचे सहाच तास. रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. ‘आईबापांची सही आहे’ याला काडीचाही अर्थ नाही.

दंड किरकोळ? सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक ते तीन वर्षं कैद. मालकाचा गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांना वॉरंट लागत नाही. पैसे भरून तडजोडीची सोय आहे, पण ती पहिल्यांदाच झालेल्या नोंदी-सूचनांसारख्या किरकोळ चुकांना आणि आईबापांना. मूल कामावर ठेवणाऱ्या मालकाला नाही.

असं मूल दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. पत्ता, कामाच्या वेळा, मूल रात्री कुठे झोपतं, एवढं सांगा. मालकाला आधी जाब विचारायला जाऊ नका. पथक पोचेपर्यंत मूल दुसरीकडे हलवलेलं असतं.