लॉकडाऊनमध्ये गोवेकर निरोगी झाले?

एक मेसेज पुन्हा फिरतोय: '२०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडे बंद, बार बंद. सगळे घरचं जेवले, दारू सुटली, दवाखाने ओस पडले. म्हणजे आपले आजार बाहेरच्या खाण्याचेच होते.' यातला एकेक दावा तपासू.

'सगळे घरचं जेवले.' जेवले, पण काय? पहिल्या काही दिवसांत गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती. आपली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, ती अडली. ट्रॉलर किनाऱ्याला लागले, मासळी बाजार बंद झाले. मग ताटात आला भात, बटाटा आणि साठवणीतली सुकी सुंगटं (कोळंबी) नाहीतर खारा बांगडा. रक्तदाबाच्या माणसाने रोज खारवलेली मासळी खाणं हे पथ्य नव्हे. शॅक, हॉटेल, टॅक्सी यांवर ज्यांचं घर चालायचं त्यांची कमाईच थांबली. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळालं, त्याने पोट भरलं; फळांना आणि मासळीला पैसे कुठून आणायचे? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्या घरी मैदा, साखर, लोण्याचे केक होऊ लागले. पार्ले-जीचा खप त्याच महिन्यांत विक्रमी झाला. रस-ऑम्लेट, भजी-पाव असं गाड्यावरचं खाणं काहींचं कमी झालं, हे खरं. पण तळण घरातही होतंच.

'दारू सुटली.' हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की हात कापतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. केरळात त्या दिवसांत दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या. गोव्यात दुकानं ४ मेला उघडली, बार मात्र पुढे कित्येक महिने बंद राहिले. म्हणजे बाटली घरात आली, जिथे पेग मोजणारा कुणी नाही, बंद व्हायची वेळ नाही आणि मुलं समोर बसलेली. पिणं सुटायला माणसाची मदत लागते. गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेने हे दाखवून दिलं आहे: डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांशी मोजक्या बैठकी झालेल्या पुरुषांपैकी जास्त जणांचं पिणं आटोक्यात आलं. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

'दवाखाने ओस पडले.' लोक भीतीने जात नव्हते, नेहमीच्या तपासण्या थांबल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांत पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक देशांत रक्तदाबाचे उपचार काही अंशी किंवा पूर्ण विस्कळीत झाले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यातच आहे, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. हा मेसेज वाचून तुमच्या घरी कुणी मधुमेहाची गोळी बंद केली असेल, तर आधी त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन साखर तपासून घ्या.