गुडघ्यात मोटार बसवून देणाऱ्यांसाठी

पेशीतल्या मोटारी, म्हणजे पेशीत माल ओढणारी प्रोटीनं, थेंबांच्या बाटलीत भरून विकून पैसा करायचा असेल, तर आमच्या गावासारखी जागा नाही. फक्त सोयाबीन विकून झाल्यावर या, तेव्हा लोकांच्या हातात चार पैसे असतात.

आधी तो व्हिडिओ दाखवा. दोन पायांचं प्रोटीन भलामोठा फुगा ओढत डुलत चाललंय, तोच. खाली ‘मेंदूत आनंद वाहून नेणारा रेणू’ असं लिहिलेलं असतंच. ते कायनेसिन नावाचं मोटार-प्रोटीन आहे, फुगा म्हणजे पेशीतल्या मालाची पिशवी आहे आणि सगळं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र आहे, हे सांगत बसू नका. आनंदाला गिऱ्हाईक आहे, पिशवीला नाही.

शोध ऋषिमुनींच्या नावावर टाका. तो १९८५ साली माकूळ या समुद्री जीवाच्या मज्जातंतूतून लागला म्हटलं, तर माळकरी गिऱ्हाईक उठून जाईल.

दर वाक्यात ‘नॅनो’ म्हणा.

‘एवढं बारीक यंत्र आपोआप कसं बनेल?’ असा सवाल टाकून गप्प बसा. १९९६ साली कायनेसिनची रचना उलगडली, तेव्हा तिचा गाभा स्नायूतल्या मायोसिन या दुसऱ्या मोटारीशी जुळला आणि दोघांचं मूळ एकच असावं असं दिसलं, हे इथं कोण विचारतं? तिसरी मोटार डायनिन, ती वेगळ्याच घराण्यातली. फुलझाडांनी तर ती उत्क्रांतीत टाकूनच दिली. समोरच्या वावरातली पऱ्हाटी डायनिनशिवाय उभी आहे, बोंडातला एकेक धागा म्हणजे एकच लांबलेली पेशी. तुम्ही आपले वावराकडे पाठ करून बसा.

आता मुख्य मंत्र : ‘पंधरा मिनिटांत फरक.’ तुमच्यातल्याच एकानं माझ्या मोठ्या मायला हेच सांगितलं. थेंब जिभेखाली घ्या, कमरेपासून पायापर्यंत मोटारी चालू! अरे, कायनेसिन एक एटीपी, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा एक रेणू, खर्चून एक पाऊल टाकतं, ८ नॅनोमीटरचं. मज्जातंतूतली सगळ्यात वेगवान वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. कमरेतून अंगठ्यापर्यंतचा तंतू मीटरभर. म्हणजे अडीच दिवस, तेही कुठं न थांबता. पंधरा मिनिटांत माल सरकतो चार मिलिमीटर! आणि थेंबात प्रोटीन असलंच, तर ते पोटात तुरीच्या वरणासारखं पचून जातं. बाटलीवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, नुसता ध्यानाला बसलेल्या बाईचा फोटो. अन् शुगरची गोळी बंद करा म्हणून कोणी सांगितलं रे तिला? पायाला मुंग्या येतात त्या शुगरनं, तीच गोळी बंद? विचारलं तर म्हणते, “त्या पोरानं मोबाइलात दाखवलं ना बापू, चालून राहिलं होतं ते.”

लाज वाटू द्या. बाटली घेऊन जा, पैसे परत करा आणि कोणाच्या गोळ्यांना पुन्हा हात लावू नका.

आणि मास्तर, तुम्ही. तो व्हिडिओ हात जोडलेल्या चित्रासकट गावच्या ग्रुपवर तुम्हीच टाकला होता. तुम्ही बी.एस्सी. आहात. ‘मास्तरनं पाठवलं म्हणजे खरंच असंन’ म्हणून तिनं पैसे काढले.