जुलै-ऑगस्ट जमत नाही? आफ्रिका रद्द करू नका

सहलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो : 'आफ्रिकन सफारी फक्त जुलै-ऑगस्टमध्येच. नंतर प्राणी निघून जातात, पावसात जंगल बंद असतं. विषुववृत्तावर उकाडा असतो, सुती कपडेच न्या.'

प्राणी निघून जातात? कुठे? सुमारे पंधरा लाख विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) टांझानियातलं सेरेंगेटी आणि त्याला लागून केनियातलं मसाई मारा यांच्यात वर्षभर फेरी मारत असतात. जुलै ते ऑक्टोबर मुक्काम उत्तरेला, मारा नदीकाठी. नदीत उड्या घेतानाचे व्हिडिओ तेव्हाचे. जानेवारीअखेर ते मार्च तेच कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटू भागातल्या आखूड गवतात वितात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात, काही मिनिटांत पायांवर उभी राहतात, आणि तरस, चित्ते, सिंह टपलेलेच असतात. नदीवर मात्र अख्खी सकाळ गाड्यांच्या गर्दीत घालवून एक खूरही पाण्यात न पडलेला पाहून परतणारे पुष्कळ. मला विचाराल तर फेब्रुवारी. आणि टांझानियातल्याच न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवरातले सिंह-हत्ती तर बाराही महिने तिथेच.

'पावसात बंद' ही आपली ताडोबाची सवय. तिथे कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, 1 जुलैला बंद होतो. मसाई मारा बंद होत नाही. केनियात पाऊस दोनदा येतो : मार्च ते मे मोठा, नोव्हेंबरच्या आसपास छोटा. छोट्यात बहुधा दुपारी एखादी सर, की पुन्हा ऊन. एप्रिल-मेबद्दल मात्र मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे. माराची जमीन बरीचशी विदर्भासारखी काळी, गाडी रुतली की रुतली. काही कॅम्पही तेव्हा बंद असतात. आणि मुलांची सुट्टी नेमकी मेमध्ये! मग दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जा. तिथला पाऊस ऑक्टोबर ते मार्च. मेपर्यंत झाडोरा विरळ होऊ लागतो, जनावरं पाणवठ्यांवर येतात. बोट्सवानातली गंमत आणखी वेगळी. अंगोलातल्या पावसाचं पाणी ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात पोचायला काही महिने लागतात, त्यामुळे तिथे पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्ट. एवढ्या मोठ्या खंडाला एकच 'सीझन' कसा असेल?

सुती कपड्यांचं म्हणाल, तर मारा महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे. जुलैत पहाटे उघड्या गाडीत स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतं.

शिवाय परदेशी प्रौढाला माराचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, जुलैपासून 200. ही ओळ मेसेजमध्ये नाही.