आयच्या गावात!

इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत माझी पाटी कोरी नाही, पण तिच्यावर आहेत त्या नुसत्या रेघोट्या. गाणं सुरू झालं की मान डोलते, बोटं टेबलावर ताल धरतात आणि कुणी 'कुठलं रे हे?' विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने 'जुनंय' म्हणतो. हे किती दिवस चालायचं? म्हणून पद्धतशीर मार्ग काढला. शीर्षकाचं पहिलं अक्षर धरायचं आणि एपासून झेडपर्यंत ओळीने ऐकत सुटायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, डिक्शनरी पाठ करून कुणी लेखक झालंय का?" मी दुर्लक्ष केलं.

एने स्वागत तर झकास केलं. टोटोचं 'आफ्रिका', रोलिंग स्टोन्सचं 'अँजी'. जॅक्सन फाइव्हच्या १९७०च्या गाण्याचं तर नावच 'एबीसी'. याहून आज्ञाधारक गाणं कुठे मिळणार?

बीने मात्र दात दाखवले. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) जवळजवळ सहा मिनिटं चालतं. त्यात आई येते, खून येतो, गॅलिलिओ येतो, चक्क बिस्मिल्लाही येतो. येत नाहीत ते दोनच शब्द: बोहेमियन आणि ऱ्हॅप्सडी. द हूचं १९७१चं 'बाबा ओरायली' तसंच. यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, कारण गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. आणि रायली म्हणजे संगीतकार टेरी रायली. गाण्यात दोघांचाही पत्ता नाही. ऐकणाऱ्याच्या कानात राहतं 'टीनेज वेस्टलँड', आणि तो बिचारा टीमध्ये धुंडाळत बसतो. निर्वाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्येही हे नाव कुणी गात नाही. (त्यांचा गायक कॉबेन, त्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, ती तक्रार वेगळी.)

पुढे 'द'ची भानगड. 'द साउंड ऑफ सायलेन्स' एका यादीत एसमध्ये, दुसरीत टीमध्ये. द पाळणारे आणि द गाळणारे असे हे दोन पंथ, आणि त्यांच्यात समेटाची चिन्हं नाहीत. कंसवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. स्टोन्सच्या १९६५च्या 'सॅटिस्फॅक्शन'ला पुढे 'आय कान्ट गेट नो' एवढं शेपूट आहे, तेही कंसात. म्हणजे ते कुठे आयमध्ये, कुठे एसमध्ये, तर कुठे थेट एच्याही डोक्यावर, कारण संगणकाच्या हिशेबात कंसाचा मान अक्षराआधी. तिथेच आकडेवालेही ठाण मांडून असतात. प्रिन्सचं '१९९९' निघालं १९८२ साली. शिकागोचं '२५ ऑर ६ टू ४' हा मला कुणाचा तरी फोन नंबर वाटला होता. प्रत्यक्षात पहाटेचे चार वाजायला २५ की २६ मिनिटं उरलीत, असा गाणं लिहीत जागलेल्या माणसाचा तो प्रश्न. त्या वेळी मीही जागाच होतो, त्यामुळे पटलं.

सी ते एच बरे गेले. मग आलो आयच्या गावात, आणि तिथून आजतागायत बाहेर पडलेलो नाही. इंग्रजी गाण्यांत 'मी'ला तोटाच नाही! मला हवंय, मला वाटतं, मी करीन, मी करणार नाही. एक्सच्या वाट्याला ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'झनाडू' आणि आणखी चार नग. इथे मात्र यादी सरकवून अंगठा दुखायला लागला. एकच गाणं दोन-दोनदा भेटतं: 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' १९७४ साली डॉली पार्टनने हळुवार गायलं, १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने त्याच गाण्याने छप्पर उडवलं. यूटूचं 'आय स्टिल हॅव्हन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर' तर मला उद्देशूनच लिहिलेलं असावं.

आणि अक्षरांना माणसांच्या आयुष्याशी काही देणंघेणं नसतं. बीटल्सचं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' १९६३चं, क्वीनचं 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' १९८४चं. काळाच्या क्रमाने अगदी रीतसर संसार. पण बी एचच्या आधी येतो, म्हणून यादीत आधी सुटका, मग हातात हात, मग जन्मभराचं प्रेम आणि त्याच्या पाठोपाठ ग्लोरिया गेनॉर.

हा शोध मी मोठ्या उत्साहाने बायकोला ऐकवला. तिने पुस्तकातून मान वर केली नाही.

"शेवटचं कुठलं म्हणालास?"

"आय विल सर्व्हाइव्ह."

"ते लाव. जरा मोठ्याने."