चुलीचा धूर, काकूचा श्वास आणि तो फिरता मेसेज

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. आशय असा: चुलीवरचं जेवण हेच खरं आरोग्य. चुलीचा धूर नैसर्गिक असतो, त्याने घरातले जंतू मरतात. आपल्या आज्या नव्वद वर्षं जगल्या, त्यांना दमा माहीत नव्हता. गॅस, इंडक्शन आणि मायक्रोवेव्हच्या रेडिएशनने मात्र कॅन्सर होतो. धुराची भीती परदेशी कंपन्यांनी गॅस खपवण्यासाठी पसरवली. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पाठवा.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि माझी थोरली काकू बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी चाळीस वर्षं चुलीपुढे बसली आहे. हा मेसेज तिच्या मुलानेच घरच्या ग्रुपवर टाकला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चवीचं आधी मान्य करते. काकूची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांपुढे उभी केली की टम्म फुगते, तशी माझ्या गॅसवर फुगत नाही. निखाऱ्यांचा शेक भाकरीच्या सगळ्या अंगाला सारखा लागतो, आणि लाकडाच्या धुरातल्या काही रसायनांचा वास अन्नात उतरतो. ती चव खरी आहे. पण भाकरी खाणारा ओट्यावर बसून खातो आणि करणारी धुरात बसते. मेसेजमध्ये खाणाऱ्याचंच म्हणणं आहे.

आता ‘धूर नैसर्गिक असतो’ हा दावा. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि जाळ त्या वायूंचा होतो. हवा पुरेशी मिळाली नाही, सरपण ओलं असलं, की ते वायू जळायच्या आतच वर निघून जातात. तोच धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझीन आणि फॉर्मल्डिहाइड असतं, आणि अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक कण असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांचा बारीकपणा लक्षात येईल. ते नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. दिवसभराच्या सरासरीत हे कण हवेच्या एका घनमीटरमध्ये 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 पासूनचं मार्गदर्शन सांगतं. भारताचं स्वतःचं मानक 60 आहे. चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हाच आकडा शेकड्यांत असतो आणि ओल्या पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या घातल्या तर हजारांतही जातो. त्यात फुंकणीने फुंकायचं, म्हणजे तोंड जाळापासून हातभर अंतरावर, आणि फुंकून झालं की खोल श्वास आत घ्यायचा तो त्याच हवेतला.

धुराने जंतू मरतात हेही अर्धंच खरं. धुरातल्या रसायनांमुळे मासे-मांस टिकतं, डास पळतात. पण आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती अखंड हलत असते आणि आत आलेली धूळ, जंतू कफासकट वर ढकलत असते. जंतूला जे जाचतं ते या लवेलाही जाचतं. रोजच्या धुराने ती मंदावली की कफ साचतो आणि त्यातच जंतूंचं फावतं. म्हणून धुरातल्या घरांमध्ये लहान मुलांना न्यूमोनिया जास्त होतो. 2020 या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले आणि त्यात 2 लाख 37 हजारांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

नव्वदीच्या आज्यांच्या मुद्द्याला उत्तर याच आकड्यात आहे. नव्वदीपर्यंत पोचली ती आजी आपल्याला दिसली. चौथ्या बाळंतपणात गेलेली तिची जाऊ आणि दोन वर्षांचं होऊन छातीत कफ भरून गेलेलं तिचं मूल आपल्याला दिसत नाही, कारण त्यांची आठवण सांगायला कुणी उरलं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. त्याला कारणं पुष्कळ होती, एकट्या धुराचं हे पाप नाही. पण ‘तेव्हा सगळे धडधाकट होते’ हे कुठल्याच नोंदीत बसत नाही. आणि दमा माहीत नव्हता? आमच्या घरात त्याला ‘धाप लागते’ म्हणायचे. ‘जुना खोकला आहे’ म्हणायचे. बहुतेक वेळा ‘वयच झालं आता’ म्हणायचे आणि विषय संपवायचे.

मी हे ग्रुपवर लिहिल्यावर चुलतभावाने फोटो टाकला. काकूच्या बोटाला ऑक्सिमीटर, त्यावर 97. खाली लिहिलं होतं, ‘ताई, चाळीस वर्षं धुरात काढून आईचा ऑक्सिजन 97 आहे. मशीन खोटं बोलतं का?’

मशीन खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच ते सांगतं. कोरोनाच्या दोन वर्षांत हे यंत्र घरोघरी आलं, पण ते काय मोजतं हे फारसं कुणी सांगितलं नाही. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास त्याचं तत्त्व मांडलं. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पलीकडे जातो, साधारण 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून यंत्र ठरवतं की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. फुफ्फुस किती झिजलंय, श्वासाच्या नळ्या किती आखडल्यात, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नाही. निसर्गाने फुफ्फुसात मोठी शिल्लक ठेवलेली असते. नळ्या निम्म्या आखडल्या तरी बसलेल्या माणसाचा आकडा 96-97 राहू शकतो. तो घसरायला लागतो तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. असं कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन त्या लाल प्रकाशाला जवळपास ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. म्हणजे कोंडलेल्या धुरात गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरही चांगला आकडा येऊ शकतो. भावाने फोटो काढला तेव्हा काकू अंगणात बसली होती, तिच्याबाबत तसं नसेल. पण ‘ऑक्सिमीटर चांगला म्हणजे धुराने काही होत नाही’ असं कुणी धरून चाललं, तर एखाद्या घरात त्यातून जीव जाऊ शकतो.

फुफ्फुसाचा प्रश्न विचारायचा तर स्पायरोमेट्री करावी लागते. दिवाळीनंतर काकूला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेलो. नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. तपासणारी मुलगी म्हणाली, ‘आजी, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात जोरात फुंका. जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका...’ सहा सेकंद फुंकायचं असतं. काकूला तिसऱ्या सेकंदाला खोकला आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नळी हातात धरून ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘जन्मभर फुंकलंच की गं बाई म्या.’

चौथ्या वेळेला जमलं. पडद्यावर रेघ उमटली. निरोगी माणसाची रेघ झपकन वर जाते आणि तिरप्या सरळ रेषेत खाली येते. काकूची वर चढली आणि लगेच आत खचली, वाटीच्या तळासारखी. पूर्ण श्वासात बाहेर पडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती पडली, ते प्रमाण बघतात. औषध ओढायला दिल्यानंतरही ते 0.70 च्या खाली राहिलं तर नळ्यांतला अडथळा कायमचा धरतात. काकूचं बरंच खाली होतं. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आयुष्यात बिडी-तंबाखूला हात न लावलेली बाई. असे न ओढणारे रुग्ण जगभर किती आहेत आणि त्यांच्यामागे चुलीचा धूर हे केवढं मोठं कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं.

कंपन्यांच्या कटाबद्दल फार लिहायला नको, तारखा पुरेशा आहेत. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी दिल्लीतल्या 127 रुग्णांचा अभ्यास 1959 साली प्रसिद्ध केला. फुफ्फुस खराब झाल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेले हे रुग्ण. त्यात धूम्रपान न करणाऱ्या बायका एवढ्या कशा, या प्रश्नाचा माग घरातल्या धुराकडे गेला. तेव्हा आपल्या गावांत गॅसची शेगडी कुणी पाहिलीही नव्हती. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत बायकांच्या अंगावरच मापकं लावून चुलीपुढचा धूर मोजला. गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली 2016 मध्ये. कट असता तर तो सत्तावन्न वर्षं वाट बघत बसला नसता.

राहिलं रेडिएशन. हा शब्दच लोकांना घाबरवतो. चुलीपुढे हात धरल्यावर जो शेक लागतो तेही रेडिएशनच, अवरक्त. प्रत्येक किरण ऊर्जेच्या पुड्यांनी येतो आणि पेशीतल्या रेणूचा बंध तुटणार की नाही हे एका पुडीत किती ऊर्जा आहे यावर ठरतं. पुड्या कितीही असल्या तरी बळ एकेकीचंच. क्ष-किरणांची पुडी इतकी जड असते की ती अणूतून इलेक्ट्रॉन उडवते, त्याला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं अगदी लहान माप) आणि वर लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची पुडी दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्टची. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी असतात, त्यांची पुडी एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे एक लाखावा भाग. म्हणजे काकूच्या निखाऱ्यातून येणाऱ्या शेकाची एक पुडी मायक्रोवेव्हच्या पुडीपेक्षा हजारो पटींनी जड आहे, आणि तीही रेणूचा बंध तोडण्याइतकी जड नसते. मायक्रोवेव्ह पाण्याच्या रेणूंना हलवतो, त्यातून अन्न तापतं. दार उघडलं की लहरी थांबतात, अन्नात काही शिल्लक राहत नाही. खूप जोराच्या लहरी अंगावर पडल्या तर भाजेल हे खरं, म्हणून तर दाराला जाळी असते आणि दार मोडलेला ओव्हन वापरू नये. इंडक्शनची वारंवारता त्याहून कितीतरी कमी, हजारो हर्ट्झ. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या लोखंडातच प्रवाह फिरतो आणि भांडं तापतं. ज्यांना पेसमेकर आहे त्यांना शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर ठेवायला सांगतात, तेवढं पाळावं.

‘पण जागतिक आरोग्य संघटनेनेच याला कॅन्सरच्या यादीत घातलंय’ असंही भावाने पाठवलं. त्या यादीत मीही बघितलं. संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था पुरावा किती पक्का आहे त्यावरून गट पाडते. मोबाइल वगैरेंच्या रेडिओलहरी 2011 मध्ये ‘2ब’ गटात घातल्या, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा. त्याच संस्थेच्या त्याच यादीत घरात जाळलेल्या लाकडाचा धूर ‘2अ’ मध्ये आहे, म्हणजे बहुधा कॅन्सरकारक. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर सरळ पहिल्या गटात, पुरावा पक्का. यादीवर विश्वास ठेवायचा तर पूर्ण यादीवर ठेवायला हवा.

गॅस निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, मुलांच्या दम्याला तो बरा नाही. खिडकी उघडी हवी, पंखा हवा. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने आपल्याकडे माणसं गेली आहेत, तिथेही तोच कार्बन मोनॉक्साइड. आणि संशोधनातली एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या 3200 गरोदर बायकांपैकी निम्म्या घरांना मोफत शेगडी आणि गॅस देऊन मोठी चाचणी झाली. गॅस मिळालेल्या बायकांच्या श्वासातले बारीक कण घनमीटरला सुमारे 24 मायक्रोग्रॅम भरले, न मिळालेल्यांचे सुमारे 71. तरी 2022 मध्ये निकाल आला तो असा, की बाळांच्या जन्माच्या वजनात ठळक फरक पडला नाही. एका उपायाने सगळं सुधारेल असं नाही, हे त्यातून कळतं. पण गॅस मिळालेल्या बायकांच्या छातीत जाणारा धूर बाकीच्यांच्या एक तृतीयांश होता, हेही त्याच चाचणीने दाखवलं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या फक्त 43.2 टक्के घरांत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता. बाकीच्या घरांतल्या बायका चवीसाठी चुलीपुढे बसत नाहीत. सिलिंडर भरायला पैसे नसतात आणि पऱ्हाट्या रानातून फुकट मिळतात. त्यांच्या नाइलाजाला ‘आपली आरोग्यदायी परंपरा’ म्हणून शहरातून शाबासकी द्यायची, आणि घरात कुणी ‘बाईला गॅस भरून द्या’ म्हणालं की हाच मेसेज दाखवून गप्प करायचं. आमच्याच घरात असं झालं आहे.

भावाने तो मेसेज नंतर ग्रुपवरून काढला. आता काकूची डाळ, भाजी, चहा गॅसवर होतो. पंप ओढायला ती अजून कंटाळते, पण ओढते. भाकरीसाठी चूल लागतेच म्हणाली, तर ती परसात उघड्यावर मांडून दिली आहे, बसायला पाट उंच केला आहे. पावसाळ्यात चूल आत आणावी लागेल, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला वर छपरालगत झरोका पाडून धुराडं बसवायचं ठरलंय. गवंडी मंगळवारी येतो म्हणालाय.