बॉक्सर थांबत का नाहीत? एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही दिवसांत पुण्यातल्या शाळांच्या पालकांच्या आणि खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: डोक्यावर ठोसे खाल्ल्याने मेंदू निकामी होतो हे सिद्ध झालेले असूनही जे रिंगणात उतरत राहतात, त्यांना एक तर धोका कळत नाही किंवा पैशाची हाव सुटत नाही, उरलेले स्वभावानेच मारकुटे असतात, शाळकरी मुले हेडगार्ड घालून खेळतात, म्हणून त्यांच्याबाबत काळजीचे कारण नाही, आणि कोणी बळजबरी केलेली नसल्यामुळे जे होईल ते ज्याचे त्याने भोगावे.

मी एकवीस वर्षे शहरातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि त्यांतली पंधरा वर्षे आमच्या मुलामुलींच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगणातल्या त्यांच्या कोपऱ्याशी, टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन बसलो आहे. धोका खरा आहे, याबद्दल माझा संदेशकर्त्याशी वाद नाही. वाद आहे तो त्याने दिलेल्या कारणांशी, कारण ती मान्य केली तर कॉर्नरमध्ये बसलेल्या माणसाला करण्यासारखे काहीच उरत नाही.

पहिला मुद्दा अज्ञानाचा. या खेळाचा इतिहास नेमका उलटा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली बॉक्सरांच्या मेंदूविकारावर जो निबंध लिहिला, तो वैद्यकातला या विषयावरचा आरंभीचा लेख मानला जातो. पण त्याची सुरुवातच अशी आहे की ही अवस्था रिंगणाभोवतीच्या प्रेक्षकांना आणि लढती भरवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती, आणि तिला त्यांच्या बोलीत नावही होते. अडखळती चाल, जड झालेली जीभ, हरवत जाणारी आठवण हे सगळे रिंगणातल्या लोकांनी पाहिले होते, आणि डॉक्टरांनी ते त्यांच्याकडून ऐकले. पुढे १९८८ पासून शिकागोच्या एका गरीब वस्तीतल्या व्यायामशाळेत तीनेक वर्षे स्वतः सराव करणाऱ्या लोइक वाकां या फ्रेंच समाजशास्त्रज्ञालाही तेच आढळले. तिथले बॉक्सर स्वतःची तुलना गुलामांशी, वेश्यांशी आणि घोड्यांशी करत असत. आपले शरीर कोण विकतो आणि त्यातून कोणाला किती मिळते, याचा हिशेब त्यांना पाठ होता. अशा माणसांना अडाणी म्हणणे हा सत्याचा अपलाप आहे.

मग माहीत असूनही ते का थांबत नाहीत? याचे एक कारण दुखापतीच्या स्वरूपातच आहे. आपल्याकडे तालमीतल्या पैलवानाचा कान फुटतो, तो सगळ्या पेठेला दिसतो, आणि त्याची किंमत त्याच दिवशी चुकती होते. मेंदूचे तसे नाही. ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी २२४ निवृत्त व्यावसायिक बॉक्सरांची तपासणी केली आणि १९६९ साली निष्कर्ष मांडले. त्यांत सुमारे १७ टक्के जणांमध्ये मेंदूच्या इजेची लक्षणे होती, आणि जितक्या जास्त लढती तितके प्रमाण मोठे होते. म्हणजे ढोबळमानाने सहांपैकी एक. हा आकडा भयंकर आहे, पण बॉक्सरच्या जागी उभे राहून पाहिले तर उरलेले पाचजण त्याला रोज भेटत असतात, हसतखेळत बोलत असतात आणि नवशिक्यांचे ठोसे झेलायला पॅड धरत असतात. सहावा कोण, हे सांगणारी तपासणी नाही. आज ज्याला दीर्घकालीन आघातजन्य मेंदूविकार म्हणतात, त्याचे खात्रीशीर निदान अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. काल सराव केला, आज सकाळी उठलो, सगळे ठीक आहे. असा पुरावा त्याला रोज मिळत राहतो, आणि हजार सकाळींच्या त्या पुराव्यापुढे कागदावरची टक्केवारी टिकत नाही. आपण सगळेच असा विचार करतो. शहरात हेल्मेटविना दुचाकी चालवणारा प्रत्येकजण काल सुखरूप घरी पोहोचलेला असतो.

दुसरा मुद्दा हावेचा. जेरी क्वारी हा एके काळी मुहम्मद अली आणि जो फ्रेझिअर यांच्याशी लढलेला हेवीवेट. १९८३ मध्ये केलेल्या तपासणीत त्याच्या मेंदूवर झालेला परिणाम दिसून आला होता, आणि तरीही १९९२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा रिंगणात उतरला. त्या लढतीचे त्याला १०५० डॉलर मिळाले. १९९९ च्या जानेवारीत त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याला घास भरवावा लागत होता. एक हजार पन्नास डॉलरांना हाव म्हणता येत नाही. ज्याला दुसरे काहीच शिकवले गेलेले नाही, त्या माणसाची ती उरलेली एकच ओळख होती.

आपल्याकडे तर बहुतेक बॉक्सरांना मानधनच नसते. पुण्यातल्या मुलासमोर जे असते ती एक शिडी असते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण, रेल्वे किंवा सैन्यदलातली खेळाडू म्हणून होणारी भरती, या तिच्या पायऱ्या. घोरपडी-मुंढव्याकडची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ मध्ये सुरू झाली. तिथे बॉक्सिंग शिकवले जाते आणि शाळकरी वयाच्या मुलांना शिक्षण, राहणे, खाणे यांसह सैन्यात जाण्याची वाट मिळते. येरवड्याच्या किंवा जनता वसाहतीच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आलेल्या मुलासाठी यात हावेचा प्रश्न कुठे येतो? त्याच्या घरात महिन्याच्या एक तारखेला येणारा तो पहिला पगार असेल. या शिडीची एक क्रूर अट मात्र आहे: ती प्रमाणपत्रावर चालते, आणि प्रमाणपत्र वरच्या स्तरावरच्या स्पर्धेचे लागते. सात वर्षे घाम गाळून आठव्या वर्षी, निवडचाचणीच्या महिनाभर आधी, डोके दुखते म्हणून जो थांबला, त्याच्या हाती त्या सात वर्षांचे फारसे काही पडत नाही. म्हणून तो थांबत नाही. आणि शिडी चढून गेलेल्यांचे पुढे काय होते? १९८० च्या जानेवारीत दिल्लीत मुहम्मद अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत उभे राहिलेले आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेले सैन्यातले कौर सिंग यांना उतारवयात उपचारांच्या खर्चासाठी झगडावे लागले, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून देशाने वाचली आहे.

मारकुट्या स्वभावाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. रागाच्या भरात हात उगारणारा मुलगा आमच्याकडे पहिल्या महिन्यातच मागे पडतो, कारण पहिले कित्येक आठवडे फक्त उभे राहायला आणि पाय हलवायला शिकवतात, आणि चिडलेल्याची हनुवटी वर येते व कोपर उघडे पडते. माझ्या अनुभवात या खेळात टिकलेली मुले वर्गातली सर्वांत शांत मुले आहेत.

चौथा मुद्दा हेडगार्डचा, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण संदेशातले हेच वाक्य सर्वांत घातक आहे, कारण ते दिलासा देते. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्यात वळते आणि मेंदू त्यामागून पिळला जातो. त्या पिळात मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात, आणि क्वचित प्रसंगी मेंदूच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या शिरा तुटून कवटीखाली रक्त साचते. हेडगार्ड भुवई फुटण्यापासून आणि कातडी सोलवटण्यापासून वाचवते, हा त्याचा खरा उपयोग आहे. डोक्याचे वळणे ते थांबवू शकत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुष गटातून हेडगार्ड काढून टाकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले. त्या निर्णयावर डॉक्टरांमध्ये आजही वाद आहे, पण हेडगार्ड म्हणजे मेंदूचे चिलखत असे दोन्ही बाजूंचे कोणीही म्हणत नाही. शिवाय बहुतेक ठोसे स्पर्धेत बसत नाहीत, ते सरावात बसतात. तीन राउंडच्या एका लढतीसाठी मुलगा महिनोन्महिने स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, करतो, आणि तिथे डॉक्टर नसतो, रेफरी नसतो, मोजणारेही कोणी नसते.

हे मी वाचून लिहीत नाही. २०१४ मध्ये आमच्या शाळेचा दहावीतला एक मुलगा जिल्हास्तरीय लढतीत उजवा हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, खाऊन हेलपाटला. तो सावरतो का हे पाहण्यासाठी रेफरीने आठपर्यंत मोजले, लढत पुढे चालू झाली आणि तो जिंकला. दोन दिवस डोके दुखते म्हणाला. नवव्या दिवशी निवडीच्या तयारीसाठी मी त्याला स्पॅरिंगला उभे केले, हेडगार्ड नीट बांधून. दुसऱ्या राउंडमध्ये, विशेष काही मार बसला नसताना, तो खाली बसला आणि त्याला उलटी झाली. सुदैवाने रक्तस्राव नव्हता. पण पुढचे दोन महिने त्याला पुस्तकाचे एक पान सलग वाचता येत नव्हते, आणि ते दहावीचे वर्ष होते. त्याने मला विचारले होते, "सर, आज उतरू ना?" आणि मी हो म्हणालो होतो. त्याची आई मला काहीच बोलली नाही, हे मला आजही बोलण्यापेक्षा जड वाटते.

म्हणूनच पाचव्या मुद्द्याकडे, म्हणजे "कोणी बळजबरी केली नाही" या वाक्याकडे, मी सहजपणे पाहू शकत नाही. निवड स्वतःची असते हे खरे आहे. परंतु ज्या अवयवाने निवड करायची, त्याच अवयवाला या खेळात मार बसतो. आपण धडधाकट आहोत असे सांगणाऱ्या माणसाचा निर्णयच बिघडलेला असेल, तर त्याच्या संमतीचा आधार घेणे ही पळवाट आहे. ज्यांनी हे ओळखले त्यांनी निर्णय बॉक्सरकडून काढून घेतला. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात चौदाव्या राउंडनंतर जो फ्रेझिअर डोळा सुजून मिटलेला असतानाही उठायला तयार होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही आणि जागतिक विजेतेपदाची लढत तिथेच सोडली. अलीच्या बाजूला मात्र उलट घडले. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ च्या अर्नी शेव्हर्सविरुद्धच्या लढतीनंतर, मूत्रपिंडाचे अहवाल पाहून, त्याने थांबावे असे कळवले. कोणी ऐकले नाही, तेव्हा ते स्वतः बाजूला झाले. त्यानंतर अली आणखी चार वेळा लढला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण १९८० च्या ऑक्टोबरात लॅरी होम्ससमोर अडतिसाव्या वर्षी त्याला उभे करण्यात त्याचा एकट्याचा हात नव्हता. तिकिटे विकणारे होते, परवाना देणारे होते, तपासून हरकत नाही म्हणणारेही होते.

नियम बदलले की माणसे वाचतात, हेही या खेळाने दाखवले आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये कोसळून पुढे मरण पावला, आणि जागतिक बॉक्सिंग कौन्सिलने पंधरा राउंडच्या लढती बारावर आणल्या. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस लढतीपासून आणि स्पॅरिंगपासूनही दूर ठेवण्याचा नियम आहे. तो पाळला जातो का, हे स्पर्धेच्या दिवशी नव्हे तर शाळेच्या मैदानावर, कोणी पाहत नसताना ठरते.

माझ्याकडे आता एक वही असते. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आठवड्यातल्या स्पॅरिंगच्या राउंडांची संख्या आणि डोक्याला मार बसल्याची तारीख लिहिलेली असते, आणि नॉकआउट नसला तरी लक्षणे दिसली की तीस दिवस मोजले जातात. सध्या त्यात नववीतल्या एका मुलीचे नाव आहे. तिच्या वजनगटाची निवडचाचणी तिच्या तीस दिवसांतल्या चोविसाव्या दिवशी आहे. तिचे वडील दोनदा भेटून गेले, काल ती स्वतः आली आणि आपल्याला काहीच होत नाही असे तिने मला तीन वेळा सांगितले. मी तिचे नाव चाचणीच्या यादीतून काढून पत्र पाठवले आहे.