फोन पडला नाही, कॅमेरा गेला

बाइकच्या हँडलवर फोन लावायच्या होल्डरबद्दलच्या लेखातलं ‘चारही कोपरे घट्ट धरणारा होल्डर घेतला की काम झालं’ हे वाक्य काही पटलं नाही. माझ्या ३५० सीसीच्या सिंगल सिलिंडर गाडीवर असाच ॲल्युमिनियमचा होल्डर होता. कात्रज ते हिंजवडी, रोज. फोन एकदाही पडला नाही, पण सहा महिन्यांत कॅमेरा गेला. फोटो काढायला गेलं की आत बारीक टकटक आणि चित्र थरथरतंय. हँडलची थरथर कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनच्या, म्हणजे चित्र स्थिर ठेवणाऱ्या, नाजूक भागांना खाते. ॲपलनं २०२१ मध्येच तसा इशारा दिलाय.

आता थरथर शोषणाऱ्या रबरी डॅम्परवाला होल्डर लावलाय, आणि पाठ असलेल्या रस्त्यावर फोन सरळ खिशात. (रोजच्या रस्त्याला मॅप कशाला लागतो, असं बायको तेव्हाही म्हणतच होती.)